जुनी फास्ट गाडी घेतली, आता पुढे काय? आधी थांबणं, मग थंड राहणं, मग पळणं

(या भागाचा हा लिखित मजकूर. बोलण्याच्या ओघातली थोडी भाषा तशीच ठेवली आहे. गाडीजवळ उभं राहून मोबाईलवर वाचता यावं म्हणून मुद्दे वेगवेगळे केले आहेत.)

नागपूरच्या गांधीबागेतून बोलून राहिलो. मागे कापड मार्केटचा आवाज येत असेल, तर त्याला इलाज नाही. हातगाडीवाल्याला आपल्या रेकॉर्डिंगचं काही पडलेलं नाही.

गेल्या दोन महिन्यांत सगळ्यात जास्त व्हॉइस नोट एकाच विषयावर आले. "भाऊ, जुनी स्पोर्टी गाडी मिळून राहिली, लाखाच्या वर चालली आहे, पण किंमत जबरदस्त आहे. घेऊ का?" आणि दुसरा प्रकार, "घेतली! आता आधी काय करू? रिमॅप, एक्झॉस्ट की अलॉय?"

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधीच देतो. तिन्ही नको, निदान आत्ता नको. आजच्या भागाचं सूत्र एका ओळीचं आहे: पैसा खर्च करायचा क्रम आधी थांबणं, मग थंड राहणं आणि शेवटी पळणं. लोक नेमका उलटा क्रम लावतात. म्हणूनच दीड वर्षात तीच गाडी पुन्हा विकायला निघते, आणि कधी कधी त्याहून वाईट होतं.

आपल्याकडे 'स्पोर्ट्स कार' म्हणजे कोणती?

दोन दरवाज्यांची, जमिनीला टेकलेली गाडी आपल्यापैकी फार थोड्यांच्या नशिबात असते. गोव्यात सॅन मोटर्सने १९९० च्या दशकाच्या शेवटी सॅन स्टॉर्म नावाची दोन सीटची, फायबर बॉडीची, उघड्या टपाची गाडी बनवली होती. इंजिन मात्र रेनॉचं छोटं, १.२ लिटरचं. ती दिसली तर फोटो काढा, कारण फारच थोड्या बनल्या.

आपल्या बजेटमधली खरी स्पोर्टी गाडी म्हणजे साध्या गाडीच्या अंगात घातलेलं तगडं इंजिन. महाराष्ट्रातलं याचं सगळ्यात चांगलं उदाहरण पुण्याजवळच्या रांजणगावात बनलं. फियाटने ऑक्टोबर २०१५ मध्ये अबार्थ पुंटो आणली. १.४ लिटरचं टी-जेट टर्बो पेट्रोल इंजिन, १४५ पीएस ताकद, २१२ न्यूटन मीटर टॉर्क, चारही चाकांना डिस्क ब्रेक, पाच गिअर, हाताने टाकायचे. दहा लाखांच्या आसपासच्या गाडीत तेव्हा हे दुसरीकडे मिळत नव्हतं. त्याआधी २०१० मध्ये त्याच इंजिनाची कमी ताकदीची आवृत्ती लिनिआ टी-जेटमध्ये आली होती. आणखी मागे गेलो तर २००१ ची पालिओ १.६, जिच्या जाहिरातीत सचिन दिसायचा.

या सगळ्या गाड्यांना एक गोष्ट सारखी लागू आहे. फियाटने इथला गाड्यांचा धंदा गुंडाळला. म्हणजे गाडी जिवंत, पण मागे आईबाप नाहीत. मी स्वतः अबार्थ चालवतो, सेकंडहँड घेतलेली, मीटर एक लाख अठरा हजारांवर. त्यामुळे उदाहरणं तिचीच देईन, पण सांगतो ते जुन्या ऑक्टाव्हिया व्हीआरएसला, सिटी व्हीटेकला, जुन्या पोलो जीटीलाही तितकंच लागू आहे.

किलोमीटर घाबरवतात, पण मारतात वर्षं

गांधीबागेत ठोक माल घेणारा व्यापारी थानाचा फक्त वरचा पदर पाहून सौदा करत नाही. तो थान उलगडतो, मधला कपडा हातात घेतो. गाडीच्या मीटरचा आकडा म्हणजे वरचा पदर.

एक लाख किलोमीटर अमरावती रोडवर, वर्धा रोडवर एका लयीत चाललेली गाडी, आणि चाळीस हजार किलोमीटर गांधीबाग ते सीताबर्डी, सीताबर्डी ते गांधीबाग अशी चाललेली गाडी. दुसरीचं इंजिन जास्त थकलेलं असू शकतं. काऊन? दोन-तीन किलोमीटरच्या फेरीत इंजिनचं तेल पुरतं गरम होतच नाही. आत तयार झालेली वाफ आणि न जळलेलं थोडं पेट्रोल तेलातच मुरतं, तेल पातळ आणि घाण होतं. त्यात अग्रसेन चौकात दर पन्नास फुटांवर क्लच दाबा, सोडा.

दुसरी गोष्ट वयाची. गाडीत रबर आणि प्लास्टिक किती असतं याचा आपल्याला अंदाज नसतो. होस, सील, बुश, बेल्ट, टायर. ही मंडळी किलोमीटर मोजत नाहीत, उन्हाळे मोजतात. आणि नागपूरचा उन्हाळा म्हणजे गंमत नव्हे. २३ मे २०१३ ला इथे ४७.९ अंश नोंदले गेले होते. उभ्या गाडीच्या बॉनेटखाली त्याहून कितीतरी जास्त असतं.

हे फक्त गरिबाच्या गाडीचं दुखणं नाही. २००२ मध्ये मायकल शूमाकरच्या हातून सचिनला मिळालेली फेरारी ३६० मोडेना आठवते ना? त्या मॉडेलच्या इंजिनातला टायमिंग बेल्ट दर काही वर्षांनी बदलावाच लागतो, गाडी गॅरेजमध्ये झाकून ठेवली असली तरी. फेरारीला जे वय चुकलं नाही, ते आपल्या पुंटोला कुठून चुकणार?

घ्यायच्या आधी: कागद, पूर आणि मीटर

कागद. आरसीवरची नोंदणीची तारीख पाहा. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. नंतर आरटीओत तपासणी करून दर ५ वर्षांनी नूतनीकरण. १ एप्रिल २०२२ पासून कारच्या नूतनीकरणाची फी ५,००० रुपये आहे, आधी ६०० होती. २०२५ मध्ये २० वर्षांवरच्या कारसाठी ती १०,००० झाली. आपल्या राज्यात पर्यावरण कर वेगळा. २०१० ची लिनिआ टी-जेट 'स्वस्तात' मिळत असेल, तर हा खर्च कोणाच्या माथी येणार ते सौद्याच्या वेळीच बोला. गाडीवर कर्ज होतं का, बँकेची एनओसी आहे का, जुने चलान बाकी आहेत का, हे सगळं पाहा. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्या म्हणजे गाडी तुमची झाली असं नाही, आरसीवर नाव चढलं म्हणजे झाली. १ एप्रिल २०१९ च्या आधीची गाडी असेल तर उच्च सुरक्षा नंबर प्लेट बसवली आहे का, तेही पाहा.

पूर. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये, २२-२३ तारखेच्या रात्री, अंबाझरी भरून वाहिला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं. कित्येक गाड्या पाण्यात गेल्या. त्यातल्या काही धुऊन-पुसून बाजारात फिरणार, हे उघड आहे. म्हणून कार्पेट उचला, खाली गाळाची रेघ आहे का पाहा. सीटच्या रुळांवर गंज, सीट बेल्ट पूर्ण ओढल्यावर शेवटच्या टोकाला चिखलाचा डाग, स्टेपनीच्या खड्ड्यात ओल. अशी गाडी कितीही स्वस्त असो, हात जोडून परत फिरा. वायरिंगमधला गंज वर्षभराने बोलतो.

मीटर. आकडा मागे फिरवता येतो, झीज नाही. ब्रेक पेडलचं रबर, स्टीअरिंगचं चामडं, ड्रायव्हर सीटची दाराकडची कड पाहा. 'पन्नास हजार' म्हणणाऱ्या गाडीचं पेडल गुळगुळीत झालं असेल तर हिशोब तिथेच लागला. सर्व्हिसची बिलं मागा. बिलावर तारीख आणि किलोमीटर दोन्ही असतात, ती साखळी जुळली पाहिजे. आणि इंजिन थंड असतानाच पाहायला जा. मालकाने तुम्ही यायच्या आधीच गरम करून ठेवली असेल तर पुन्हा सकाळी या म्हणावं. थंड इंजिन सुरू होताना निळा धूर आला तर तेल जळून राहिलं. पांढरा, गोडसर वासाचा धूर थांबतच नसेल तर कूलंट आत जातंय.

पहिलं काम: थांबणं

गाडी घरी आली. आता मिस्त्रीकडे नेल्यावर पहिलं वाक्य काय बोलायचं? "दादा, आधी ब्रेक, टायर आणि खालचं सगळं पाहा."

ब्रेक ऑइल हे सगळ्यात दुर्लक्षित द्रव्य. ते हवेतला ओलावा शोषतं. नवीन डॉट ४ ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. पाणी मुरलेलं तेच ऑइल १५५ अंशांच्या आसपास उकळू शकतं. उकळलं की त्यात वाफेचे बुडबुडे होतात. तेल दाबलं जात नाही, वाफ दाबली जाते. म्हणजे तुम्ही पेडल मारता, ते खाली जातं आणि गाडी थांबत नाही. १४५ पीएसची गाडी घाटात दोन-तीनदा जोरात थांबवली की ब्रेक तेवढे तापतात. दर दोन वर्षांनी पूर्ण ऑइल बदला, खर्च एका चांगल्या जेवणाइतका. पुरावा नसेल तर 'झालं नाही' असंच समजा.

टायर. नक्षी खोल आहे म्हणून टायर चांगला, हा गैरसमज. टायरच्या भिंतीवर चार आकड्यांची तारीख असते. ३२१९ म्हणजे २०१९ चा ३२ वा आठवडा. कमी चाललेल्या जुन्या गाडीवर नेमके असेच टायर असतात, दिसायला नवे आणि रबर दगड झालेलं. सहा वर्षांच्या पुढे मी टायर ठेवत नाही. नक्षी १.६ मिलिमीटरच्या खाली गेली तर तो कायद्यानेही बाद. आणि आकाराच्या शेवटचं अक्षर पाहा. टी म्हणजे १९०, एच म्हणजे २१०, व्ही म्हणजे २४० किलोमीटर वेगापर्यंतचा. दुकानदार स्वस्तात कमी अक्षराचा टायर देत असेल तर नाही म्हणा. आपल्याला २४० ने जायचंय म्हणून नाही. वेगाचं रेटिंग म्हणजे उष्णता सोसायची ताकद.

हे एवढं ताणून काऊन सांगून राहिलो? कारण नागपुरात फास्ट गाडी घेणारा प्रत्येक जण पहिल्याच रविवारी समृद्धीवर जातो. नागपूर ते मुंबईकडचं आमणे, ७०१ किलोमीटर. ५ जून २०२५ पासून पूर्ण खुला, कारला वेगमर्यादा १२०. सरळ सिमेंटचा रस्ता, वरून ऊन, ना सिग्नल ना वळण. टायरला श्वास घ्यायला जागाच नाही. हवा कमी असेल तर टायरची भिंत दर फेऱ्याला जास्त वाकते, वाकली की तापते, तापत-तापत आतले थर सुटतात. टायर फुटायचं मुख्य कारण कमी हवा, जास्त नव्हे.

म्हणून हवा सकाळी, टायर थंड असताना भरा, दाराच्या खांबावरच्या स्टिकरप्रमाणे. तापमान साधारण ५-६ अंश वाढलं की दाब १ पीएसआयने वाढतो. सकाळी ३३ भरली आणि दुपारी ३७ दिसली, तर ते बरोबर आहे. घाबरून काढून टाकू नका. काढली की संध्याकाळी तीच हवा कमी पडते.

खालचं. लोअर आर्मचे बुश, लिंक रॉड, बॉल जॉइंट, शॉकअप. सिमेंट रोडच्या जोडावर 'खट' आवाज, ब्रेक मारल्यावर गाडी एका बाजूला ओढणं, वेगात स्टीअरिंग तरंगणं ही त्यांची भाषा. सगळं एकदम बदलायची गरज नसते, पण बुश बदलल्यावर अलाइनमेंट केलंच पाहिजे, नाही तर नवे टायर दोन हजार किलोमीटरमध्ये एका कडेने खाल्ले जातात.

दुसरं काम: थंड राहणं

मे महिना, दुपारचे दोन, सेंट्रल अव्हेन्यूवर जाम, एसी चालू. समोरून हवा शून्य. आता इंजिन फक्त रेडिएटरच्या पंख्याच्या भरवशावर आहे. टर्बो गाडी म्हणजे त्यात आणखी एक शेगडी.

कूलंटबद्दल दोन गोष्टी समजून घ्या. एक, कूलंटची यंत्रणा बंद आणि दाबाखाली असते. कुकरसारखीच. वातावरणापेक्षा सुमारे एक बार जास्त दाब असला की पाणी १०० ऐवजी १२० अंशांच्या आसपास उकळतं. हा दाब धरून ठेवतं ते टाकीचं झाकण. झाकणाचं रबर गेलं की दाब गेला आणि इंजिन आधीच उकळायला लागतं. कधी कधी हजारोंच्या बिलाचं मूळ त्या छोट्या झाकणात असतं. दोन, बोअरचं पाणी टाकू नका. आपल्याकडचं जड पाणी रेडिएटरच्या बारीक नळ्यांत क्षार सोडतं. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं, किंवा तयार मिश्रण. रंग पाहून मिसळू नका, मॅन्युअलमधलं स्पेसिफिकेशन पाहा.

आता एक नाजूक विषय. बरेच जुने मिस्त्री म्हणतात, "थर्मोस्टॅट काढून टाकतो, नागपुरात त्याचं काय काम?" मिस्त्रीकाकांचा मान ठेवून सांगतो, काढू देऊ नका. थर्मोस्टॅट म्हणजे इंजिनला ठरलेल्या तापमानावर धरून ठेवणारा दरवाजा. तो काढला की हायवेवर इंजिन गरजेपेक्षा थंड चालतं. कॉम्प्युटरला वाटतं इंजिन अजून गरम झालंच नाही, तो जास्त पेट्रोल सोडत राहतो. ॲव्हरेज पडतं, तेल खराब होतं, झीज वाढते. थर्मोस्टॅट खराब असेल तर नवा बसवा.

काटा वर जायला लागला तर काय? एसी बंद. हीटर आणि ब्लोअर पूर्ण चालू. हो, मे महिन्यातही, कारण हीटर म्हणजे छोटा रेडिएटरच. सुरक्षित जागी बाजूला घ्या, इंजिन बंद करा. किमान अर्धा-पाऊण तास झाकणाला हात लावू नका, आतलं पाणी दाबाने तोंडावर येतं. गरम इंजिनवर थंड पाणी ओतू नका, ॲल्युमिनियमचं हेड वाकतं. "बस, दोन किलोमीटरवरच घर आहे" या वाक्याने जितकी इंजिनं खाल्ली तितकी दुसऱ्या कशाने खाल्ली नसतील.

आणि गांधीबागवाल्यांसाठी खास: उंदीर. आजूबाजूला गोदामं, गाडी रात्रभर रस्त्यावर. आठवड्यातून एकदा बॉनेट उघडा. चिंध्या, लेंड्या, कुरतडलेली वायर दिसली तर वेळीच समजतं. रोज हललेली गाडी उंदरांना आवडत नाही.

तिसरं काम: पळणं

आता इंजिन. पण इथेही ताकद वाढवायची नाही, आहे ती वाचवायची.

टायमिंग बेल्ट. टी-जेटसारख्या इंजिनात वरचे व्हॉल्व्ह आणि खालचे पिस्टन यांचा ताल एक दातेरी रबरी पट्टा जुळवतो. तो चालत्या गाडीत तुटला की पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतो, आणि एका क्षणात इंजिनचं काम निघतं. तुटायच्या आधी हा पट्टा बहुतेक वेळा आवाजही करत नाही. मॅन्युअलमध्ये त्याला दोन आकडे असतात, किलोमीटर आणि वर्षं. जे आधी येईल ते. आधीच्या मालकाकडे बदलल्याचं बिल नसेल तर पहिल्याच महिन्यात बदला. सोबत टेन्शनर आणि वॉटर पंपही, कारण मजुरी तीच आहे आणि जुना पंप नंतर अडकला तर नव्या बेल्टलाच घेऊन जातो. तुमच्या गाडीत बेल्ट आहे की चेन, हे आजच शोधून ठेवा.

तेल. टर्बोचं चाक मिनिटाला लाखाच्या वर फेरे मारतं, आणि त्याला आधार असतो तो तेलाच्या पातळ थराचा. म्हणून मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या ग्रेडचंच सिंथेटिक तेल. "उन्हाळा आहे, जाड टाका" हा सल्ला ऐकू नका. ५डब्ल्यू-४० मधला ४० हा आकडा इंजिन गरम असतानाच्या जाडीचाच आहे, आणि इंजिन आतून तसंही बाहेरच्या उन्हापेक्षा दुप्पट तापलेलं असतं. जास्त जाड तेल सकाळी टर्बोपर्यंत उशिरा पोचतं, तेवढ्या वेळात झीज होते. आपल्यासारख्या छोट्या फेऱ्यांच्या गाडीला कंपनीच्या अंतराच्या आधीच तेल बदला. मी पाच हजार किलोमीटर किंवा सहा महिने धरतो. आणि डिपस्टिक दर रविवारी. जुनं इंजिन थोडं तेल पितं, त्यात लाज नाही, पण किती पितं हे वहीत लिहिलेलं असावं.

सवय. सुरू केल्यावर पहिली पाच-सात मिनिटं आरामात चालवा. हायवेवर दमवून आणल्यावर ढाब्याशी लगेच किल्ली फिरवू नका, मिनिटभर चालू ठेवा. तापलेल्या टर्बोत तेल थांबलं की जळून त्याचा कोळसा होतो, आणि तोच पुढे तेलाची वाट अडवतो. याला खर्च शून्य आहे.

ई-२० चं काय?

हा प्रश्न आला नाही असा आठवडा नाही. आपल्या शहराचे खासदार आणि केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्री नितीन गडकरी इथेनॉलचे मोठे पुरस्कर्ते, त्यामुळे नागपूरच्या चहाटपरीवर यावर रोज वाद होतो. वाद बाजूला ठेवू, गाडीचं पाहू.

इथेनॉलमध्ये त्याच लिटरमागे पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी. २० टक्के मिसळलं तर एकूण ऊर्जा सहा-सात टक्के कमी. ॲव्हरेजमध्ये थोडा फरक दिसणार. दुसरीकडे इथेनॉलचा ऑक्टेन जास्त, टर्बो इंजिनला ते चालतं. खरा प्रश्न जुन्या रबराचा. ई-२० साठी न बनवलेले होस आणि सील कालांतराने फुगू किंवा कडक होऊ शकतात, आणि इथेनॉल पाणी ओढतं. म्हणून तीन कामं करा. इंधनाच्या नळ्या आणि त्यांचे जोड तपासून घ्या, भेगा दिसल्या तर इथेनॉलला चालणाऱ्या नळ्या बसवा. अर्धी टाकी भरून गाडी महिनोन् महिने उभी ठेवू नका. आणि बॉनेटजवळ पेट्रोलचा वास आला तर गाडी सुरू न करता मिस्त्रीला बोलवा. तापलेल्या टर्बोजवळ पेट्रोलचा थेंब म्हणजे आग.

पार्ट मिळतात का?

मिळतात, पण शोधायची पद्धत वेगळी. 'पुंटोचा बुश द्या' असं म्हणू नका, पार्ट नंबर सांगा. फिल्टर, ब्रेक पॅड, बेल्ट यांचे बरेच पार्ट कंपनीला पुरवठा करणारेच वेगळ्या डब्यात विकतात. ही मॉडेलं युरोपात भरपूर विकली गेली, त्यामुळे यांत्रिक पार्ट तिकडून येऊ शकतात. अवघड जातं ते बाहेरचं सामान: बंपर, हेडलाईट, अबार्थचा विंचू असलेले अलॉय. ते मुंबईच्या कुर्ल्यासारख्या जुन्या पार्टच्या बाजारात नशिबाने मिळतं. गंमत म्हणजे पालिओ याच कुर्ल्यातल्या कारखान्यात बनायची. एक सल्ला: फिल्टर, पॅड, बेल्ट, झाकण असा छोटा साठा घरी ठेवा. पार्टसाठी पंधरा दिवस उभी राहिलेली गाडी मनातून उतरते.

आणि मॉडिफिकेशन?

रिमॅप करा, पण शेवटी. ताकद वाढली की क्लच, ब्रेक, टायर, कूलिंग सगळ्यांवर भार येतो, आणि एक लाखाच्या गाडीत हे सगळे आधीच थकलेले असतात. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ रचनेपेक्षा वेगळे बदल मनाप्रमाणे करता येत नाहीत, आणि अपघात झाला तर विमा कंपनी पहिला प्रश्न तोच विचारते. रात्री अकराला आवाज करणाऱ्या एक्झॉस्टबद्दल तर काय बोलावं! आपल्या वस्तीत म्हातारी माणसं झोपलेली असतात, एवढं पुरे.

पैशाचा हिशोब

माझा साधा नियम: हातात चार लाख असतील तर तीन लाखांची गाडी शोधा. उरलेला एक लाख आधीच खर्च झाला असं समजा. पहिल्या तीन महिन्यांची यादी अशी:

पहिला आठवडा: टायरच्या तारखा, ब्रेक, सगळी तेलं-पाणी, विमा, आरसी.
पहिला महिना: ब्रेक ऑइल, टायमिंग बेल्ट आणि वॉटर पंप, इंजिन ऑइल, सगळे फिल्टर.
दुसरा महिना: कूलंट, झाकण, होस, पंखा, इंधनाच्या नळ्या.
तिसरा महिना: बुश, शॉकअप, अलाइनमेंट. मग एक लांब फेरी, आणि घरी आल्यावर गाडीखाली काय ठिबकतं ते पाहणं.

एक वही ठेवा. तारीख, किलोमीटर, काय केलं, किती लागले. फोनमध्ये नोट केली तरी चालेल. पुढे विकताना ही वही अलॉयपेक्षा जास्त पैसे मिळवून देते.

श्रोत्यांचे दोन प्रश्न

कामठीहून एका ताईंनी विचारलं, "घरचे म्हणतात नवी छोटी गाडी घे, ईएमआय भर. जुनी फास्ट गाडी वेडेपणा आहे का?" ताई, घरी ही एकच गाडी असेल आणि रोज सकाळी नऊला ऑफिसला पोचायचंच असेल, तर घरचे बरोबर आहेत. सोबत स्कूटर असेल, मेट्रो जवळ असेल, गाडी चार दिवस मिस्त्रीकडे राहिली तरी तुमचं अडत नसेल, तर नक्की घ्या.

दुसरा प्रश्न, "मिस्त्री चांगला आहे हे कसं ओळखायचं?" तो जुना पार्ट काढून तुमच्या हातात देतो का, ते पाहा. आणि "हे आत्ता बदलायची गरज नाही" हे वाक्य त्याच्या तोंडून कधी निघतं का? निघत असेल तर त्याला दिवाळीला मिठाई द्या आणि सोडू नका.

तर राजेहो, जुनी फास्ट गाडी जपणं परवडतं, दुर्लक्ष करणं परवडत नाही. समृद्धीवर १२० ने जाताना समोर अचानक काही आलं, तर रिमॅप कामाला येत नाही. दोन वर्षांत बदललेलं ब्रेक ऑइल आणि तारीख पाहून घेतलेले चार टायर कामाला येतात. बाकीची मजा त्यांच्यावर उभी आहे.

तुमच्या टायरवरचे चार आकडे काय निघाले, ते व्हॉइस नोटने कळवा. सगळ्यात जुना टायर कोणाचा, ते पुढच्या भागात सांगू. पुढचा विषय: सेकंडहँड गाडीचा विमा आणि क्लेम नाकारला जायची कारणं. तोपर्यंत सीट बेल्ट लावा, हवा सकाळीच भरा. भेटू!